जेलर सरांचं प्रात्यक्षिक

त्या दुष्काळात अंबाजोगाईत लोकांनी पाण्याच्या ड्रमांना कुलपं लावली होती. दारातला निळा ड्रम साखळीनं खिडकीच्या गजाला बांधायचा, झाकणावरून पत्र्याची पट्टी घालायची आणि तिला पितळी कुलूप. घरात सोनं नसलं तरी चालेल, पण ड्रमचं कुलूप चांगल्या कंपनीचं हवं. आणि त्याच गल्लीत एक गृहस्थ असे राहत होते, की ज्यांच्या ड्रमला कुलूप नव्हतं आणि घरालाही नव्हतं. दाराला कडी होती, पण ती मांजर आत येऊ नये म्हणून. या गृहस्थांची सगळी उमर तुरुंगात गेली होती. कैदी म्हणून नव्हे, तुरुंगाधिकारी म्हणून. हा खुलासा ते स्वतःच करायचे, पण समोरच्याचा चेहरा पुरेसा उतरल्यावर.

आम्ही त्यांना जेलर सर म्हणायचो. कुलूप का लावत नाही, असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "आयुष्यभर सरकारची कुलपं लावली. आता घरी बसून पण तीच ड्यूटी करू का?" त्यांच्या ड्रममधून शेजारपाजारचे पाणी न्यायचे हे गल्लीला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. कधी सकाळी ड्रम रिकामा निघायचा. मग सर तांब्या घेऊन शेजारच्या दारात उभे राहायचे आणि अगदी अदबीनं विचारायचे, "आमच्याकडचं थोडं पाणी मिळेल का?" शेजारीण लाजून हंडाभर द्यायची. या व्यवहारात सरांना नेहमी नेल्यापेक्षा जास्तच मिळालं असावं, असा माझा संशय आहे.

आमच्या महाविद्यालयात तेव्हा गुन्हेगारीशास्त्राचा विभाग नवाच निघाला होता. विद्यापीठानं मान्यता दिली होती, खोली दिली होती, फळा दिला होता. शिकवायला कुणी येत नव्हतं. सरांनी नोकरीत असतानाच बाहेरून परीक्षा देऊन एम.ए. केलं होतं, त्यामुळे ते तासिका तत्त्वावर लागले. आणि आम्ही विद्यार्थी! आमच्यातल्या बहुतेकांची अशी ठाम समजूत होती की बी.ए.ला हा विषय घेतला की माणूस थेट फौजदार होतो. वडवणीचा दत्तू तर पहिल्याच दिवशी केस बारीक कापून, बूट पॉलिश करून आला होता. माझे वडील मात्र प्रवेशाच्या दिवसापासून काळजीत. विषयाचं नाव त्यांनी दोनदा वाचलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "पोरी, ह्यात गुन्हा धरायला शिकवतेत का करायला?"

पहिल्या तासाला सर आले, टेबलावर पिशवी ठेवली आणि म्हणाले, "बसा. सगळे बसा. अहो, तुम्ही पण." शेवटचं दत्तूला होतं. तो सावधान स्थितीत उभा होता. एकोणीस वर्षांच्या आम्हा पोरांना जन्मात कुणी अहो म्हटलं नव्हतं. दत्तूचे दत्तूराव झाले, मी सुनीता ती सुनीताबाई झाले. मागच्या बाकावरच्या पोरांना वाटलं सर टिंगल करतायत. पण सर सगळ्यांनाच अहो म्हणायचे. शिपायाला, चहावाल्या पोऱ्याला, आणि म्हणे तुरुंगात आलेल्या प्रत्येक माणसालाही. "पहिल्या दिवशी आत आलेल्याला अहो म्हटलं की तो गोंधळतो," ते सांगायचे, "आणि गोंधळलेला माणूस भांडत नाही." आम्हीही गोंधळलोच. वर्षभर त्या वर्गात भांडण झालं नाही.

सरांनी नोकरी सोडली तरी नोकरीनं सरांना सोडलं नव्हतं. वर्गाला ते बॅरेक म्हणायचे. घरी भेटायला गेलं की "मुलाखतीला आलात का? बसा, वेळेचं बंधन नाही." रजा मागायची तर अर्जावर सही करताना हटकून म्हणायचे, "पॅरोल मंजूर. वेळेत हजर व्हा." आमच्या वर्गातली काही पोरं आईबापांच्या मदतीला ऊसतोडीवर जायची. ती दिवाळीनंतर गायब व्हायची आणि परीक्षेच्या तोंडावर काळीठिक्कर होऊन उगवायची. दुसरे प्राध्यापक त्यांची हजेरी काढून दाखवायचे. जेलर सर त्यांना समोर बसवायचे, चहा पाजायचे आणि बुडलेला सगळा भाग परत शिकवायचे. आम्हाला तो दुसऱ्यांदा ऐकावा लागायचा. कुणी कुरकुर केली तर सर म्हणायचे, "ते सक्तमजुरीवर गेलते. तुम्ही इथं साध्या कैदेत होता. गुमान ऐका."

अभ्यासक्रमात एक जुना सिद्धांत होता. कुण्या परदेशी डॉक्टरनं म्हणे कैद्यांची डोकी मोजून असं ठरवलं होतं, की गुन्हेगार चेहऱ्यावरून ओळखता येतो. जबडा मोठा, कान बाहेर आलेले, भुवया जुळलेल्या, कपाळ अरुंद. सरांनी हे फळ्यावर लिहिलं आणि शिंप्याची टेप काढून एकेकाला पुढं बोलावलं. दत्तूचा जबडा भरला. माझ्या भुवया जुळलेल्या निघाल्या. मागच्या बाकावर तर सबंध टोळीच बसलेली होती. सगळ्यांचं मोजून झाल्यावर सरांनी खिशातून स्वतःचं जुनं ओळखपत्र काढलं आणि फोटो वर्गात फिरवला. जबडा, कान, भुवया, कपाळ, काही म्हणजे काही सुटलं नव्हतं. "बघा," सर म्हणाले, "हा माणूस आयुष्यभर तुरुंगात होता." आम्ही इतके हसलो की शेजारच्या वर्गातून निरोप आला.

पण एका गोष्टीवर ते हसत नसत. 'गुन्हेगार' हा शब्द कुणी ऐटीत वापरला की सर थांबायचे. "दत्तूराव, मागच्या महिन्यात तुम्हाला ताप आला होता ना?" "व्हय सर." "मग आज आम्ही तुम्हाला तापवाले दत्तूराव म्हणायचं का?" दत्तू म्हणायचा, न्हाई सर, ताप उतरलाय की. "हां. तसंच त्याचं पण उतरलं असेल. निदान नाडी तरी बघा." पुस्तकात याला मोठं नाव होतं, शिक्का मारण्याचा सिद्धांत. त्यावर दहा गुणांचा प्रश्न यायचा. आम्ही तो पाठ केला होता. सरांना मात्र तो कुठल्याही पुस्तकाआधीपासून माहीत होता, आणि त्याचं एक चालतंबोलतं उदाहरण माझ्याच गावात होतं.

आमचं गाव धारूरच्या घाटाच्या अंगाला. भानुदास आमच्याच गावचा. मी शाळेत असताना तो तुरुंगात गेला आणि मी कॉलेजात आले तेव्हा सुटून आला. सर एका खुल्या कारागृहात होते तेव्हा तो तिथं शेतीवर होता. ट्रॅक्टर चालवायला तिथंच शिकला. गावात भानुदास नावाचे आणखी दोघं होते. एक पिठाच्या गिरणीचा, एक भजनातला. हा परत आल्यावर लोकांची चांगलीच सोय झाली. याला जेलवाला भानुदास म्हणायला लागले. काम कुणी देईना. तेव्हा सर स्वतः एस.टी.नं आमच्या गावात आले, दूध संस्थेच्या चेअरमनच्या ओट्यावर बसले आणि म्हणाले, "भानुदासरावांना ट्रॅक्टर चांगला येतो. मी शिकताना पाहिलंय." भानुदासराव कोण, हे कळायला चेअरमनना बराच वेळ लागला.

चेअरमन माणूस वाईट नव्हता. दुष्काळात संस्थेनं सभासदांची गुरं जगवायला छावणी उघडली होती. पडीक रानात बांबू आणि शेडनेटचे मांडव, त्याखाली दावणीला म्हशी-गायी, आणि त्यांच्याजवळ बाजा टाकून राहिलेली म्हातारी माणसं. छावणीला पाणी लागायचं ते तलावाजवळच्या विहिरीवरून टँकरनं आणावं लागायचं, आणि गावातले बाकीचे ड्रायव्हर साखर कारखान्याकडं गेलेले. चेअरमननी भानुदासला ठेवून घेतलं. आता तो दिवसभर ट्रॅक्टरमागं टँकर लावून विहीर ते छावणी, छावणी ते विहीर करायचा. तोंडानं एक शब्द बोलायचा नाही. वर्गात मी हे सांगितलं तेव्हा दत्तूनं लगेच विचारलं, "सर, त्यानं केलतं काय पण?" सर म्हणाले, "ते न्यायाधीशांनी विचारलं, त्यांनी सांगितलं, शिक्षा झाली, भोगून झाली. आता तुम्ही परत पहिल्यापासून खटला चालवणार का?" दत्तू खाली बसला.

आणि मग छावणीत पाणी कमी पडायला लागलं. विहिरीवर टँकर तुडुंब भरायचा, छावणीच्या हौदात ओतला की हौद काही भरायचा नाही. दिवस कलायच्या आत हौदाचा तळ दिसायचा आणि म्हशी हंबरडा फोडायच्या. संचालकांत कुजबुज सुरू झाली. भानुदास वाटेत वीटभट्टीला पाणी देतो म्हणे. कुणी पाहिलं? पाहिलं कुणीच नव्हतं. "पाह्याचं काय त्यात?" एक संचालक म्हणाले, "जेलात राहून आलेला माणूस हाय. तो काय देवळात बसणार हाय का?" भानुदासला विचारलं तर तो एवढंच म्हणाला, "पाणी जातंय, खरं हाय. मी इकलं न्हाई." यापुढं एक अक्षर नाही. रविवारी छावणीतच मीटिंग ठरली. त्यात त्याला काढायचं आणि पोलिसांत तक्रार द्यायची, असं जवळजवळ नक्की झालं.

मी हे सांगितलं तेव्हा सरांच्या हातात चहाचा कप होता. तो त्यांनी खाली ठेवला आणि परत उचललाच नाही. इतक्या दिवसांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. "तक्रार गेली की पोलीस पाण्याचं नंतर बघतील, त्यांचं जुनं प्रकरण आधी काढतील," ते म्हणाले. "आणि हे काम गेलं, तर त्यांना या जिल्ह्यात दुसरं काम मिळायचं नाही." मग अगदी हळू, "मग माणूस परत आत येतो. मी पाहिलंय तसं. बरेच आले." मला एकदम लक्षात आलं, की हे सगळं आम्ही ज्या प्रश्नाच्या उत्तरात लिहितो तेच आहे, आणि तरी ते लिहिताना मला त्यात कधी माणूस दिसला नव्हता.

दत्तू उभा राहिला. त्याचा क्षण आला होता. "सर, मी टँकरचा पाठलाग करतो." सरांनी होकारार्थी मान डोलावली. दत्तूनं चुलत्याची मोटारसायकल आणली, डोळ्यांना काळा चष्मा लावला, तोंडाला रुमाल बांधला आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण वेळ त्या ट्रॅक्टरमागून धुरळा खात फिरला. ट्रॅक्टर इतका हळू जायचा की मोटारसायकल दोनदा बंद पडली, आणि दोन्ही वेळा ढकलून सुरू करून द्यायला भानुदासच खाली उतरला. त्यानं विचारलंही नाही, बाबा तू कोण, माझ्या मागं कावून लागलास.

पुढच्या दिवशी दत्तूनं वर्गात अहवाल दिला. छाती पुढं काढून म्हणाला, "सर, वीटभट्टीकडं टँकर वळलाच न्हाई. हॉटेलवर थांबला न्हाई. कुणाला पाणी इकलं न्हाई. मी सगळी वाट मागं होतो. कायपण झालं न्हाई."

"कुठं थांबलाच नाही?"

"तसा थांबला. वस्त्या लागत्यात ना वाटंला. बायाबापड्या घागरी घेऊन उभ्या असत्यात, त्यांनी घागरी भरून घेतल्या. बाकी काय न्हाई."

सर त्याच्याकडं बघत राहिले. "बाकी काही नाही?"

"न्हाई सर."

"किती घागरी?"

दत्तू गोंधळला. "ते कोण मोजतंय सर? पाणी हाय ते."

सरांनी चष्मा काढला आणि ते हसायला लागले. आधी आवाज न करता, मग खांदे हलवून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आम्हाला काही कळेना. खरं सांगते, मलाही कळलं नव्हतं. आमच्याकडं रस्त्यावर रिकामी घागर घेऊन कुणी उभं राहिलं आणि पाण्याची गाडी थांबली नाही, असं होतच नाही. ते घेणं नाही, देणं नाही, ते नुसतं असतं. दत्तूनं सबंध चोरी उघड्या डोळ्यांनी पाहिली होती आणि ती त्याला दिसलीच नव्हती, कारण त्याच्या वडवणीकडंही तसंच चालतं. "दत्तूराव," सर डोळे पुसत म्हणाले, "तुम्ही फार मोठा शोध लावलाय. उद्या शनिवार. सगळ्या बॅरेकनं एस.टी.त बसायचं. प्रात्यक्षिक आहे."

प्रात्यक्षिकाची पद्धत आमच्या पुस्तकातलीच होती. पोलिसांकडं नोंद झालेले गुन्हे वेगळे आणि लोकांनी खरंच काय काय केलं ते वेगळं. ते कळायचं असेल तर लोकांनाच विचारायचं, नाव न घेता. एस.टी.त सरांनी आम्हाला बजावलं, "चोरी हा शब्द तोंडातून काढायचा नाही. नाव लिहायचं नाही, कुणाला सांगणार नाही असा शब्द द्यायचा. फक्त विचारायचं, टँकर आला की तुम्ही काय करता? आणि मग गप्प बसायचं. गप्प बसणं फार अवघड असतं, त्याची सवय करा."

आम्ही दोघंदोघं वस्त्यांवर फिरलो. लोक इतक्या मोकळेपणी बोलले की आम्हीच ओशाळलो. "टँकर आला का? मी एक घागर घेते बाई. एकच. लेकराला आंघोळ घालाया." पलीकडची म्हणाली, "आमी दोन घेतो, पर लहान हायत्या." एक आजोबा म्हणाले, "मी तर कळशीच धरतो, कळशीचं काय एवढं?" ज्या संचालकांनी वीटभट्टीची बातमी उठवली होती त्यांच्या सूनबाईंनी आम्हाला चहा दिला आणि सांगितलं, चहा टँकरच्या पाण्याचा आहे, गोड लागतो. आमच्या घरी मी मुद्दाम दत्तूला पाठवलं. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा गंभीर होता. "सुनीता, तुझी आई पण," तो म्हणाला. "तिनं मला ताक पण दिलं." टँकर छावणीत पोचेपर्यंत अख्ख्या वाटेवर प्रत्येकानं फक्त एखाददुसरीच घागर घेतली होती. प्रत्येकाला मनापासून वाटत होतं, एका घागरीनं काय होतंय.

सगळ्यात शेवटी सर भानुदासकडं गेले. ज्याच्यावर आळ आहे त्याला शेवटी विचारायचं, हा त्यांचा नियम होता. आधी विचारलं की बाकीचं सगळं त्याच्याच उत्तरावरून दिसायला लागतं. तो विहिरीवर पाइप धरून उभा होता. सर म्हणाले, "भानुदासराव, संचालकांनी विचारलं तेव्हा तुम्ही हे का नाही सांगितलं?"

भानुदासनं पाइपाकडंच बघत उत्तर दिलं. "काय सांगू सायेब? चेअरमनच्या आईनं घागर धरली, तिला न्हाई म्हणू? आन् सांगितलं आस्तं तर समद्या गावाला चोर म्हणल्यावानी झालं आस्तं." मग म्हणाला, "मला म्हणत्यात ते सवयीचं हाय. त्यान्ला लई लागलं आस्तं."

सर तिथून निघाले. मी त्यांच्यामागून चालत होते. मला रडू येत होतं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी उगाच चपलेतला खडा काढत बसले.

रविवारची मीटिंग छावणीच्या मोठ्या मांडवात भरली. संचालक खुर्च्यांवर, सभासद जमिनीवर, बायका म्हशींच्या बाजूला, आणि चेअरमनची आई तिच्या बाजेवर. ती दुष्काळ लागल्यापासून म्हशीबरोबर छावणीतच मुक्कामाला होती. छावणीतलं प्यायचं पाणी जपून वाटायचे म्हणून ती सकाळी वस्तीवरच्या सुनेकडं जाऊन टँकरचं पाणी धरून आणायची. भानुदास एका बांबूला टेकून उभा. सरांनी उठून सांगितलं, की विद्यार्थ्यांनी वाटेवरच्या घरोघरी विचारलंय, पाणी कुठंही विकलेलं नाही, ते घागरींनी गेलंय. चेअरमनच्या कपाळाला आठी पडली. "कुणाकुणाच्या घागरी? नावं सांगा सर."

"नावं आम्ही विचारली नाहीत."

"मग पुरावा काय?"

"पुरावा इथंच बसलाय," सर म्हणाले, "पण तो कोण हे मी सांगणार नाही. तसा शब्द देऊन आम्ही विचारलंय."

वीटभट्टीची बातमी उठवणारे संचालक म्हणाले, "म्हंजे नावं न्हाईत, पुरावा न्हाई. आसं कसं चालंल सर? उद्या कुणीबी येऊन कायबी सांगंल." दोघातिघांनी माना डोलावल्या. चेअरमननी तक्रारीचा विषय पुढं घेतला. मी सरांकडं पाहिलं. त्यांनी दोन्ही हात मागं बांधले होते आणि ते घट्ट आवळलेले मला मागून दिसत होते. नावं सांगितली असती तर त्याच क्षणी सगळं मिटलं असतं. सर सांगेनात. मला त्यांचा इतका राग आला, की वाटलं आपणच ओरडून सांगावं.

तेवढ्यात बाजेवरून आवाज आला. "थांब रं." चेअरमनची आई उठून उभी राहात होती, एक हात म्हशीच्या पाठीवर. "मी घेती घागर. रोज दोन. एक मला, एक ह्या म्हशीला आगुदर, तिला दम निघत न्हाई म्हणून. ह्या पोरानं कधी न्हाई म्हणलं न्हाई, उलट उतरून डोईवर चढवून दिली. आता त्याला चोर लिवायचं तर आधी माझं नाव लिव."

चेअरमन म्हणाले, "आई, तू गप बस."

"मी कावून गप बसू? तूच तर काल म्हणलास, आई, आज च्या गोड झालाय."

पहिल्यांदा कोण हसलं ते मला आठवत नाही. पण त्या हसण्यात एकेक बाई उभी राहायला लागली. मी एक घेते. मी पण. आमची कळशी. माझी आई उठली तेव्हा मला लाज वाटेल असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात इतका अभिमान वाटला की विचारू नका. शेवटी वीटभट्टीवाल्या संचालकांच्या सूनबाईही पदर सावरत उभ्या राहिल्या आणि सासऱ्यांनी डोक्यावरची टोपी काढून तोंडावर वारा घ्यायला सुरुवात केली. तक्रारीचा विषय पुढं सरकलाच नाही. वस्त्यांसाठी टँकरची एक खेप वेगळी करायची असं ठरलं, आणि ती भानुदासनंच न्यायची. भानुदासला कुणी काही म्हणालं नाही. तो ट्रॅक्टरकडं गेला, कारण हौद रिकामा होता.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, छावणी उठली, टँकर शेडमध्ये गेला. संस्थेनं भानुदासला दुधाच्या पिकअपवर घेतलं. रोज सकाळी तो गावाचं दूध अंबाजोगाईला आणायचा. आमची बॅरेक पांगली. दत्तू फौजदार झाला नाही. तो आता घाटनांदूरला शाळेत मास्तर आहे आणि पोरांना अहो म्हणतो. मी परिविक्षा अधिकारी झाले. सुटून आलेल्या माणसांना काम मिळवून द्यायचं, ते टिकेल असं बघायचं, हेच माझं रोजचं काम. ओट्यावर बसून एखाद्या चेअरमनला 'या रावांना ट्रॅक्टर चांगला येतो' असं सांगताना माझा आवाज मला ओळखीचा वाटतो. जेलर सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते शेवटी नाशिकला मुलीकडं होते, तिथंच गेले. मला त्यांची आठवण दुःखानं येत नाही. हसू येतं, आणि मागोमाग थोडं भरून येतं.

ते नाशिकला राहायला गेले त्याचीच गोष्ट सांगायची राहिली. सरांच्या पत्नी आधीच वारल्या होत्या. मुलगी किती दिवसांपासून बोलवत होती, बाबा, एकटे राहू नका, इकडं या. सर दर वेळी काहीतरी काढायचे. परीक्षा झाली की येतो. उन्हाळा सरला की येतो. गुडघा दुखतोय, प्रवास झेपणार नाही. आम्हाला वाटायचं त्यांना गल्ली सोडवत नाही. गुडघा दुखणारा हा माणूस मात्र पंधरवड्याला आमच्या गावी चक्कर मारायचा, भानुदासला लांबूनच बघायचा आणि पुढच्या एस.टी.नं परत यायचा.

काही वर्षांनी, एका जूनमध्ये मी त्यांना भेटायला गेले. इकडचं तिकडचं बोलणं झालं. बोलता बोलता सांगितलं, की चेअरमनच्या नातीनं आमच्या कॉलेजात प्रवेश घेतलाय. एस.टी.ची वेळ जुळत नाही, म्हणून ती रोज सकाळी दुधाच्या पिकअपमध्ये पुढं बसून येते.

सरांनी माझ्याकडं वळून बघितलं. "पिकअपमध्ये? भानुदासरावांबरोबर?"

"हो."

"एकटी?"

"हो सर. आजीनंच ठरवलं. म्हणाली, एस.टी.च्या गर्दीपेक्षा भानुदास बरा, पोरीची काळजी न्हाई."

"चेअरमनना माहीत आहे?"

"अहो, ते स्वतः गाडीपर्यंत सोडायला येतात. पोरीचा डबा देतात, आणि एक डबा भानुदासचा."

सरांनी गुडघ्यावर हात टेकले. मग उठले, टेबलावरचा मोबाइल घेतला, चष्मा कपाळावर चढवून नंबर लावला. पलीकडून मुलीनं काहीतरी विचारलं असावं.

"नाही, नाही, तब्येत उत्तम आहे," सर म्हणाले. "तिकीट काढ. मी येतोय."